लेक्टिओ दिव्हिना

बायबलच्या प्रार्थनापूर्वक वाचनाची प्राचीन ख्रिस्ती पद्धत. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्टच्या नियमावलीत मठवासीयांच्या दिनक्रमात अशा वाचनासाठी वेळ राखून ठेवलेला आढळतो. बाराव्या शतकात फ्रान्समधील कार्थुशियन मठप्रमुख दुसरा गीगो याने वाचन, मनन, प्रार्थना व ध्यान या चार पायऱ्यांची शिडी मांडली. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये बायबलवाचनाला प्रार्थनेची जोड देण्याचा आग्रह सर्वच श्रद्धावंतांना केला आणि मठातली ही साधना सामान्यांच्या गटांतही रुजू लागली.

गटात उतारा छोटाच घेतात. उदाहरणार्थ, आंधळ्या बार्तीमयाची गोष्ट (मार्क 10:46–52). उतारा सावकाश, पुन्हापुन्हा वाचतात, मध्ये मौन. मग ज्याला जे भिडले ते तो थोडक्यात सांगतो. येशू बोलावतो आहे हे कळताच बार्तीमय अंगावरचे वस्त्र टाकून उठतो, एवढ्याच तपशिलावर एखादा थबकतो. कोणी कोणाला खोडून काढत नाही. याचा तोटाही आहे : मूळ संदर्भ सुटून अर्थ मनमानी होऊ शकतो. मिलानचे तत्कालीन आर्चबिशप कार्लो मारिया मार्तिनी स्वतः बायबलचे अभ्यासक होते. 1980 पासून तेथील कॅथीड्रलमध्ये तरुणांसाठी चालवलेल्या वाचनसभांत त्यांनी म्हणूनच मननाआधी मजकूर नीट समजून घेण्यावर भर दिला.