बारा कळ्यांची लाल टोपी

समुद्रापलीकडून आलेल्या गोऱ्यांना जुन्या मराठी कागदपत्रांत ‘टोपीकर’ म्हटलेलं आढळतं. माणूस कोण, हे त्याच्या डोक्यावरून ठरायचं. उस्मानी तुर्कांनी आपल्या पूर्वेकडच्या शत्रूचं बारसं असंच केलं: किझिलबाश. तुर्कीत ‘किझिल’ म्हणजे लाल, ‘बाश’ म्हणजे डोकं. नाव हिणवायला ठेवलेलं. ज्यांना ठेवलं त्यांनी ते मिरवलं.

ही टोपी शेख हैदरची. अर्दबीलच्या सूफी गादीचा हा वारस १४८८ मध्ये लढाईत मारला गेला, पण त्याआधी आपल्या मुरिदांच्या, म्हणजे शिष्यांच्या, डोक्यावर ती चढवून गेला. लाल कापड, शियांच्या बारा इमामांच्या बारा कळ्या, आणि मधून वर निघालेला काठीसारखा ताठ शेंडा. भोवती पांढरं पागोटं गुंडाळलं की तो शेंडाच तेवढा बाहेर दिसे. मुरीद होते तुर्की बोलणाऱ्या टोळ्यांचे: शामलू, उस्ताजलू, रूमलू, अफशार, काजार. त्यांतले कितीतरी अनातोलियातले. सुलतानाची प्रजाच दुसऱ्याच्या नावाची टोपी घालू लागली होती, आणि इस्तंबूलची खरी पोटदुखी हीच होती.

१५०१ मध्ये हैदरचा मुलगा इस्माईल तब्रीझमध्ये शहा झाला, वय जेमतेम चौदा. त्याच्या आणि उस्मानींच्या झगड्याला ‘तुर्क विरुद्ध इराणी’ म्हटलेलं वाचलं की मला गंमत वाटते. हा इराणचा शहा ‘खताई’ या नावाने तुर्कीत कविता करी, आणि त्याच्यावर चालून आलेला सुलतान सलीम फारसीत.

२३ ऑगस्ट १५१४ ला चाल्दिरानच्या मैदानात दोघे समोरासमोर आले. सलीमने गाडे साखळदंडांनी एकमेकांना बांधून तोफांपुढे तटच उभा केला. इस्माईलपाशी तोफा नव्हत्या, घोडदळ होतं. तुर्कांची मांडणी पुरी व्हायच्या आत तुटून पडावं, असं त्याच्या एका सरदाराने सुचवलंही होतं. ते कोणी मनावर घेतलं नाही. शहाच्या अंगी दैवी तेज आहे या श्रद्धेवर लाल टोप्या दौडत गेल्या आणि तोफांपुढे कोसळल्या. सलीम तब्रीझमध्ये शिरला खरा, पण त्याच्या जानिसारी शिपायांनीच पुढे जायला नकार दिला. पुढे इराणचे डावपेच ठरून गेले. तुर्क आले की वाटेतली शेतं जाळत मागे सरायचं, बाकीचं काम हिवाळ्याचं. बगदाद मात्र १५३४ मध्ये सुलतान सुलेमानने घेतलं, आणि १५५५ च्या अमास्याच्या तहात ते त्याच्याकडेच राहिलं.

टोपी तोवर दूरवर पोचली होती. १५१९ मध्ये इराणच्या शहाचा वकील विजापुरात आला, तेव्हा खूश झालेल्या इस्माईल आदिलशहाने आपल्या फौजेला ती बारा टोकांची लाल टोपी घालायला लावली. दख्खनच्या उन्हात शिपायांनी काय बोटं मोडली असतील, ते बखरीत यायचं नाही. १५४४ मध्ये राज्य गमावलेला हुमायून इराणच्या आश्रयाला गेला, तेव्हा इस्माईलचा मुलगा शहा तहमास्पने तीच टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली. मदतीची किंमत डोक्यावर घेऊनच त्याला परतावं लागलं.

तहमास्पनंतर तो ताठ शेंडा ओसरला. इराणी लघुचित्रात तो दिसला की जाणकार चित्राचा काळ त्यावरून ताडतात. पुढे शहा अब्बासला टोपीवाल्या सरदारांचा जाच नको होता. १५९० मध्ये त्याने मान तुकवून तुर्कांशी तह केला. पहिल्या तीन खलिफांना शिव्याशाप देणं बंद करायचं, हेही त्यात कबूल केलं. मग जॉर्जियन, आर्मेनियन, चेर्केस गुलामांची फौज आणि तोफखाना उभारून गेलेला मुलूख परत मिळवला, १६२४ मध्ये बगदादसुद्धा. ते १६३८ मध्ये चौथ्या मुरादने पुन्हा जिंकलं आणि १६३९ मध्ये झुहाबच्या तहाने सरहद्द ठरली.

टोपीचा शेवट एका टोळीवाल्यानेच केला. नादिरशहा अफशार, म्हणजे किझिलबाशांपैकीच. १७३६ मध्ये गादीवर बसताना त्याने इराणचा शिया पंथ सुन्नींच्या चार पंथांशेजारी पाचवा म्हणून मान्य करा, असा प्रस्ताव तुर्कांपुढे ठेवला. त्याच्या टोपीला टोकं चार होती; ती चार खलिफांची, असंही सांगतात. तुर्कांनी पाचवा पंथ मानला नाही. १७४६ चा तह झाला तो सरहद्दीपुरता, आणि सरहद्द धरली झुहाबची.

मग इराणची गादी गेली काजारांकडे, त्याच जुन्या यादीतल्या. त्यांचीही तुर्कांशी लढाई झाली आणि १८२३ मध्ये एर्झुरूमला तह झाला. त्यातही रेघ १६३९ चीच. तुर्कस्तानात अलेवी पंथीयांना ‘किझिलबाश’ ही शिवी पडत राहिली. काजार शहाच्या डोक्यावर मात्र काळ्या कोकराच्या कातड्याची उंच टोपी होती.