पाचटाची काजळी

राहुरी तालुक्यातल्या आमच्या शाळेच्या खिडक्या मार्गशीर्षात लावून घ्याव्या लागतात. थंडीसाठी नव्हे. ऊस तुटून गेलेल्या रानांत पाचट पेटते आणि त्याची काजळी मुलांच्या वह्यांवर येऊन बसते. मी इतिहास शिकवतो. फळ्यावर पानिपत लिहिता लिहिता मनात येई, या काजळीलाही काही इतिहास असेलच की!

आमच्या आजोबांच्या तोंडी ‘बेवड’ हा शब्द सारखा असे. आधीचे पीक मागल्या पिकासाठी रान कसे ठेवून जाते, तो बेवड. काळ्या रानाला दरसाल नांगर लावण्याची चाल तेव्हा नव्हती. लाकडी नांगराला चार-चार जोड्या बैल आणायचे कोठून? कुळवाच्या पाळ्यांवरच भागे. तुरीचा पाला रानात गळे. धसकटे मात्र चुलीत जात. जुने सगळेच सोने होते, असे मी म्हणणार नाही.

१९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर घडवला. लोखंडाने जमीन विषारी होते, या समजुतीने आरंभी त्याला गिऱ्हाईक मिळेना! पुढे तोच घरोघर आला. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, प्रवरेचे पाणी पाटांतून खेळले. १९५० च्या अखेरीस विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीने लोणीजवळ सहकारी कारखान्याचे गाळप सुरू झाले. कोरडवाहू मुलखाला ऊस लाभला, पोरे शाळेत आली. मीही त्यांतलाच.

पण उसामागून पाचट आले. ते पाण्याला अडवते, त्यात उंदीर-साप दडतात. म्हणून काडी लावायची. दहावीच्या परीक्षेनंतर ती काडी मीच ओढली. वारा फिरला आणि बांधावरचा, आजोबांनी लावलेला लिंब जळाला. अण्णा काही बोलले नाहीत. ते न बोलणेच मला पुढे वर्षानुवर्षे ऐकू येत राहिले.

महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. डोंगरावरचा कुजका पालापाचोळा पावसाबरोबर शेतात उतरून जमीन कशी सुपीक होते, हे त्यात आहे. त्यांच्याच नावाचे कृषी विद्यापीठ आहे, तेही आमच्या राहुरीत. तिथली शिकवण अशी : हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघते, ते जाळू नका, सरीत पसरा, उसाचे बुडखे जमिनीलगत छाटा. पाचटावर युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारे जिवाणू टाका. नांगरट न करताच खोडवा घ्या. खत पहारीने भोके पाडून मुळाशी द्या.

हे मी अण्णांना सांगितले. ते म्हणाले, “अर्धा एकर तुझा. बाकीच्यात मास्तरकी नको.”

त्या वैशाखात शेजारच्या सऱ्या भेगाळल्या होत्या. अण्णांनी माझ्या तुकड्यातले पाचट पायाने सारले. खाली ओल होती, गांडुळांची विष्ठा होती. मूठभर माती त्यांनी नाकाशी नेली.

“आपल्या लिंबाखाली असा वास यायचा रे,” ते म्हणाले.

लिंब जळाल्यावर त्याचे नाव त्यांनी प्रथमच काढले. पुढल्या साली आमच्या रानात काडी ओढली गेली नाही. खोडव्यानंतर आता हरभरा होतो. बेवड पुन्हा घरात आला.

शाळेच्या खिडक्या मात्र अजून लावाव्या लागतात. पण आता मुले विचारतात, “गुरुजी, आज कोणाचे रान जळतेय?” आणि मी पानिपत बाजूला ठेवून हा धडा सांगतो.