ट्रॅक ते संग्रहालय : ब्रुकलँड्सची वाटचाल

१९०५ साली ह्यू लॉक किंग हे इंग्लिश जमीनदार इटलीतील ब्रेशिया येथे मोटारींची शर्यत पाहायला गेले. त्या शर्यतीत इंग्लंडची एकही मोटार नाही, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली. कारण उघड होते. १९०३ च्या कायद्याने ब्रिटनमधील रस्त्यांवर ताशी २० मैलांची मर्यादा घातली होती. वेगवान गाडी बनवली, तरी ती पळवून पाहायची कुठे? लॉक किंग यांनी सरे परगण्यात वेब्रिजजवळच्या स्वतःच्या जमिनीवर खास मोटारींसाठी ट्रॅक बांधायचे ठरवले. ब्रुकलँड्सची वाटचाल या निश्चयापासून सुरू होते.

आराखडा रॉयल आर्टिलरीचे कर्नल होल्डन यांनी केला. बाहेरील फेरी पावणेतीन मैलांची, रुंदी १०० फूट आणि वळणांवर जवळजवळ ३० फूट उंच चढत गेलेला काँक्रीटचा उतार. त्याला बँकिंग म्हणतात. १९०६ च्या अखेरीस काम सुरू झाले, शेकडो मजूर राबले आणि १७ जून १९०७ रोजी ट्रॅक खुला झाला. उद्घाटनाच्या ताफ्यात सर्वांत पुढची गाडी लॉक किंग यांच्या पत्नी एथेल स्वतः चालवत होत्या. खर्च मात्र दीड लाख पौंडांवर गेला आणि लॉक किंग दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आले. त्या कठीण काळात एथेल यांनी व्यवहार हाती घेतला आणि नातलगांच्या मदतीने डोलारा सावरला.

उद्घाटनानंतर अकराच दिवसांनी एस. एफ. एज यांनी नेपियर गाडी सलग २४ तास चालवून १,५८० मैलांहून अधिक अंतर कापले. १९१३ मध्ये पर्सी लँबर्ट यांनी एका तासात १०० मैलांचा टप्पा ओलांडला. असा पराक्रम जगात प्रथमच घडला होता. त्याच वर्षी याच ट्रॅकवर त्यांचा अपघाती मृत्यू झाला. आवाजाबद्दल परिसरातील रहिवाशांच्या तक्रारी होत्याच. त्यामुळे रात्रीच्या शर्यती बंद पडल्या. पुढे २४ तासांची शर्यत दोन दिवसांत बारा-बारा तासांची विभागून घ्यावी लागली आणि रात्री गाड्या कुलूपबंद ठेवल्या गेल्या. १९२६ मध्ये ब्रिटनची पहिली ग्रां प्री येथेच झाली. त्याच वर्षी लॉक किंग यांचे निधन झाले.

मोटारींच्या बरोबरीने विमानेही येथेच वाढली. १९०७-०८ मध्ये विमानरचनाकार ए. व्ही. रो यांनी या मैदानावर आपल्या विमानाच्या चाचण्या घेतल्या. १९३५ मध्ये हॉकर हरिकेन आणि १९३६ मध्ये व्हिकर्स वेलिंग्टन या विमानांच्या पहिल्या नमुन्यांनी इथूनच उड्डाण केले. पुढे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर भारतीय हवाई दलाच्या तुकड्याही हरिकेन विमाने घेऊन लढल्या. ऑगस्ट १९३९ मध्ये ब्रुकलँड्सची शेवटची शर्यत झाली आणि दुसऱ्या महायुद्धामुळे सारा परिसर विमानांच्या कारखान्यांकडे गेला. ४ सप्टेंबर १९४० रोजी व्हिकर्सच्या कारखान्यावर बाँब पडले. त्यात ८० हून अधिक कामगार मृत्युमुखी पडले.

१९४६ मध्ये ट्रॅक व्हिकर्सला विकला गेला. १९५१ मध्ये व्हॅलियंट विमानांना उड्डाणासाठी मोकळी वाट हवी म्हणून बायफ्लीट गावाकडील बँकिंगला खिंडार पाडण्यात आले. उरलेल्या काँक्रीटच्या फटींतून झाडे उगवली. हे सारे नाहीसे होऊ नये, या तळमळीने १९६७ मध्ये ब्रुकलँड्स सोसायटी स्थापन झाली. १९७७ मध्ये वेब्रिजच्या स्थानिक संग्रहालयात येथील विमान-इतिहासाचे प्रदर्शन भरले. त्या काळापासून तेथे काम करणाऱ्या मोराग बार्टन यांनी स्वतंत्र संग्रहालयाचा ध्यास घेतला. ऐंशीच्या दशकात कारखाना बंद झाला, तेव्हा स्वयंसेवकांनी बँकिंगवरची झाडेझुडपे काढली. १९८७ मध्ये विश्वस्त संस्था झाली आणि १९९१ मध्ये सुमारे ३० एकरांवर ब्रुकलँड्स संग्रहालय लोकांसाठी खुले झाले.

संग्रहालय खुले होण्याआधीच या कामाची कसोटी लागली होती. १९४० च्या अखेरच्या दिवशी एक वेलिंग्टन विमान स्कॉटलंडमधील लॉख नेस सरोवरात उतरवावे लागले आणि ते तळाशी गेले. हे विमान ब्रुकलँड्सलाच तयार झाले होते. १९८५ मध्ये ते वर काढून माहेरी आणले गेले. अभियंते बार्न्स वॉलिस यांनी रचलेला त्याचा सांगाडा म्हणजे धातूच्या पट्ट्यांची विणलेली जाळी. मोडलेली, वाकलेली ही जाळी स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे खपून जुळवली. त्यात निवृत्त कारागीरही होते. आज पाहणाऱ्याला ती जाळी उघडी दिसते आणि विमान कसे बनत असे, हे एका नजरेत कळते.

१९९७ मध्ये संग्रहालयाने नेपियर-रेलटन ही शर्यतीची मोटार विकत घेतली. १९३३ साली याच आवारात थॉमसन अँड टेलर यांच्या कार्यशाळेत ती शर्यतपटू जॉन कॉब यांच्यासाठी बांधली गेली होती. १२ सिलिंडरचे, २४ लिटरचे विमानाचे इंजिन आणि ब्रेक फक्त मागच्या चाकांना! वे नदीवरच्या पुलाजवळ काँक्रीट खचून उंचवटा तयार झाला होता. तेथे ही अजस्र गाडी चारही चाकांनी हवेत उडे. ७ ऑक्टोबर १९३५ रोजी कॉब यांनी तिच्यातून ताशी १४३.४४ मैलांचा विक्रम केला. बाहेरील फेरीवरचा तो विक्रम कायमचा राहिला. पुढे १९५२ मध्ये वेगवान नौका चालवताना कॉब यांचा मृत्यू झाला, तोही लॉख नेसमध्येच. त्यांची गाडी मात्र घरी परतली आहे आणि खास दिवशी तिचे इंजिन आजही सुरू केले जाते.

त्यानंतर संस्थेचा विस्तार होत गेला. २००४ मध्ये काँकॉर्ड विमान आले आणि २००६ पासून लोकांना ते आतून पाहता येऊ लागले. २०११ मध्ये स्वयंसेवकांनीच चालवलेले लंडन बस संग्रहालय शेजारी येऊन वसले. ट्रॅकच्या अंतिम सरळ पट्ट्यावर युद्धकाळातील हँगर उभा होता. तो हलवून २०१७ मध्ये हा पट्टा पुन्हा मोकळा करण्यात आला. २०१८ मध्ये ‘म्युझियम ऑफ द इयर’ पुरस्काराच्या अंतिम फेरीपर्यंत ब्रुकलँड्सने मजल मारली.

आज पगारी कर्मचारी मोजके आणि स्वयंसेवक शेकडो, असा येथील संसार आहे. कोणी माहिती सांगतो, कोणी इंजिन उघडून बसतो, कोणी कागदपत्रे लावतो. जुन्या मोटारींचे शौकीन आपापल्या गाड्या घेऊन येथे जमतात. १९०९ मध्ये चाचणीसाठी बांधलेल्या टेस्ट हिलच्या चढावर आपली गाडी चढते का, हे पाहण्याची हौस अनेकांना असते. हा चढ शेवटी चारास एक इतका तीव्र होतो. गाडी माथ्यावर पोहोचली की खाली उभे असलेले टाळ्या वाजवतात. बँकिंगचे काँक्रीट भेगाळले आहे, त्यावर शेवाळ धरते आणि ते राखण्याचे काम कधीच संपत नाही. हा ट्रॅक एका घराच्या संपत्तीवर उभा राहिला. आज तो जागता ठेवणारे हात शेकडो घरांतून येतात.