बाडापासून मेमरी कार्डापर्यंत

छापील पोथी घेण्याची ऐपत नसलेला भाविक एके काळी शेजाऱ्याचे बाड मागून आणी, दिव्याच्या उजेडात पदे उतरून घेई आणि पुढे आपले बाड तिसऱ्यास देई. गरीब वस्त्यांतून मोबाइल फोनवरील गाण्यांचा प्रसार कसा झाला, हे पाहू जाता हीच रीत आठवते.

मधला टप्पा कॅसेटचा. गुलशन कुमार यांच्या १९८३ साली स्थापन झालेल्या कंपनीने कॅसेट इतकी स्वस्त केली की भजने-आरत्या झोपडीतही वाजू लागल्या. पुढे मोबाइल फोन आला. तथापि त्यावरील इंटरनेट मजुराच्या खिशास परवडणारे नव्हते. मार्ग निघाला तो नखाएवढ्या मेमरी कार्डाचा. रिचार्ज करून देणारा दुकानदार थोड्या रुपयांत कार्डात गाणी भरून देई. दोन जीबीच्या कार्डात चारशेहून अधिक गाणी सहज मावत. तेथून पुढे ती फुकट फिरत, ब्लूटूथने. (दहाव्या शतकातील एका डॅनिश राजाचे हे टोपणनाव आमच्या चाळींत इतके रुळावे, ही मौजच!)

शहरी भारतातील या देवघेवीचा अभ्यास स्मिथ, कुमार, मेधी आणि टोयामा या संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केला. करमणुकीची ओढ बळकट असली म्हणजे यंत्राची किचकट रचना माणसास अडवू शकत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. हैदराबादेतील गरीब वस्तीतल्या मुलांविषयी निम्मी रंगास्वामी यांनी केलेले संशोधनही ह्याच काळातले. अशिक्षितास यंत्र कळत नाही, असे म्हणणाऱ्या सुशिक्षितांनी ही दोन्ही अवश्य पाहावीत.

मात्र ह्या उदारतेस दुसरी बाजू होती. कवी, गायक, वादक यांच्या पदरी त्यातून छदामही पडत नसे. १९५७ चा स्वामित्वहक्काचा कायदा त्या दुकानाच्या पायरीशीच थांबे. शिवाय पुष्कळ घरांत फोन एकच, आणि तो पुरुषाच्या हाती. कार्डात काय भरावयाचे ते तोच ठरवी. घरातील स्त्रीस ओव्या ऐकावयाच्या असल्या तरी तिच्या कानी त्याच्याच आवडीची गाणी पडत. बाड निदान देवळाच्या कोनाड्यात सर्वांसाठी असे.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओचे जाळे सुरू झाले, इंटरनेट स्वस्त झाले, आणि कार्डे भरण्याचा धंदा ओसरला. पुष्कळ दुकानदारांनी त्या जागी फोनची कव्हरे मांडली.