सावरणारा हातच झुलवतो तेव्हा

'कर्बल स्पेस प्रोग्रॅम' हा यानं उडवण्याचा खेळ तुमच्यापैकी काहींच्या घरातली मुलं खेळत असतील. मेक्सिकोतल्या स्क्वॉड कंपनीने तो २०११ मध्ये पहिल्यांदा बाहेर आणला. त्यात 'एसएएस' नावाची सोय आहे. यान ठरलेल्या दिशेपासून ढळलं, की ती आपोआप सावरते.

पण लांब, लवचीक यान बांधून बघा. उजवीकडचा कल दुरुस्त होतोय तोवर यान वाकून डावीकडे गेलेलं असतं. मग यंत्रणा उलट ढकलते. झोके वाढत जातात, कधी यान मोडतंही. मुलांना वाटतं, खेळच बिघडलाय. पण हा प्रश्न खेळापेक्षा फार जुना आहे.

वाफेच्या इंजिनाचा वेग काबूत ठेवायला जेम्स वॅटने १७८८ च्या सुमारास फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर बसवला. वेग वाढला की गोळे फाकणार, वाफ कमी होणार. मात्र काही गव्हर्नर वेग स्थिर करण्याऐवजी तो सारखा वरखाली करू लागले. हे हेलकावे कधी विरतात आणि कधी वाढतात, याचं गणित जेम्स क्लर्क मॅक्सवेलने १८६८ मध्ये 'ऑन गव्हर्नर्स' या निबंधात मांडलं. म्हणजे दुरुस्ती करणं वेगळं आणि स्थिरता येणं वेगळं, हे तेव्हाच स्पष्ट झालं.

आता १६ मार्च १९६६. जेमिनी ८ मध्ये नील आर्मस्ट्राँग आणि डेव्हिड स्कॉट. अजेना यानाशी जोडणी झाल्यावर काही वेळाने दोन्ही यानं गरगरू लागली. संशय अजेनावर, म्हणून तिला सोडलं. गिरकी उलट वाढली, सेकंदाला जवळजवळ एक फेरी! जेमिनीचाच एक थ्रस्टर चालू अवस्थेत अडकला होता. आर्मस्ट्राँगने ती थ्रस्टर-यंत्रणा बंद केली आणि पृथ्वीवर परतण्यासाठी राखून ठेवलेल्या थ्रस्टरनी यान सावरलं. त्यामुळे मोहीम लवकर आटोपती घ्यावी लागली, पण दोघं वाचले.

इथला दोष गव्हर्नरसारखा नव्हता, हे लक्षात घ्या. तिथे दुरुस्तीच अति होत होती, इथे एक भाग निकामी झाला होता. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. यंत्रणेला 'किती ढळलं' हे मोजता येतं, 'का ढळलं' हे विचारता येत नाही. तो प्रश्न माणसालाच विचारावा लागतो.

खेळात 'टी' बटण दाबलं की एसएएस बंद होतं, आणि पुष्कळदा यान आपसूक शांत होतं. मुलांना ते बटण दाखवा. पण ते कधी दाबायचं, हे त्यांचं त्यांना ठरवू द्या.