कानाच्या दारातून आलेली विद्या

वाचा आणि श्रवण यांच्या दोषांचा पद्धतशीर विद्यापीठीय अभ्यास भारतात रुजला तो १९६०च्या दशकात. १९६५ साली म्हैसूरला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या आधाराने एक संस्था उभी राहिली. आज ती ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग या नावाने ओळखली जाते. पुढच्याच वर्षी मुंबईत नायर रुग्णालयाशी जोडलेल्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात ऑडिओलॉजी आणि स्पीच थेरपीचे शिक्षण सुरू झाले. म्हैसूरने आरंभ पदव्युत्तर वर्गाने केला आणि पदवीचा वर्ग नंतर काढला. शिकवणारेच नसतील तर शिकणाऱ्यांना कुणाच्या हवाली करायचे, हा त्यामागचा व्यवहार असावा. या दोन्ही ठिकाणी ही विद्या आरोग्यखात्याच्या आणि रुग्णालयाच्या आवारातून आत आली. तिच्या पुढच्या साठ वर्षांतला असमतोल, म्हणजे श्रवण पुढे, वाचा मागे आणि वाचन-लेखनातली अध्ययन अक्षमता सर्वांत शेवटी, या प्रवेशद्वाराकडे पाहिल्याशिवाय उलगडत नाही.

याचा दोष कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या माथी मारणे सोपे आहे, पण ते खरे नाही. खरे कारण मोजमापाच्या साधनांत आहे. श्रवणचाचणीत मुलाला शांत खोलीत बसवून कानांवर हेडफोन चढवतात. एक हजार हर्ट्झचा शुद्ध स्वर वाजतो, तो ऐकू आला की मुलाने बोट वर करायचे. प्रत्येक होकारानंतर आवाज दहा डेसिबलने उतरवायचा, होकार थांबला की पाच-पाचने चढवायचा आणि उंबरठा सापडला की आलेखावर खूण करायची. या सगळ्यात भाषा जवळजवळ येतच नाही. तो स्वर अमेरिकेतल्या आयोवात जसा वाजतो तसाच म्हैसुरात आणि भायखळ्यात. त्यामुळे यंत्र, पद्धत आणि पाठ्यपुस्तक तिन्ही बाहेरून आणता आली. शिवाय हाती आकडा येतो आणि सरकारी व्यवस्थेला आकडा मानवतो. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्याने श्रवणदोषाची व्याख्या चांगल्या कानातल्या साठ डेसिबलच्या घटीवर बेतली. त्या कायद्याच्या सात प्रकारांत वाचादोष नव्हता, अध्ययन अक्षमताही नव्हती. त्या दोन्हींना कायद्यात जागा मिळायला २०१६ साल उजाडले.

वाचेची चाचणी अशी आयात करता येत नाही. मराठी मुलाच्या उच्चारांची तपासणी करायची तर चित्रे मराठी शब्दांची हवीत, आणि शब्द निवडायचे तर मराठीची ध्वनिव्यवस्था ठाऊक हवी. ‘चमचा’ आणि ‘चिमणी’ यांतले च वेगळे आहेत, म्हणून दोन्ही तपासावे लागतात. ‘ळ’ आणि ‘ण’ शब्दाच्या आरंभी येत नाहीत, ते मधे आणि शेवटीच शोधायचे. इंग्रजी चाचणीत ‘घ’, ‘झ’, ‘भ’ असणारच नाहीत. समजा, पाच वर्षांचे मूल ‘केळे’ऐवजी ‘तेले’ म्हणाले. त्यातला ‘त’ आणि ‘ल’ कोणत्या वयापर्यंत चालवून घ्यायचा, हे सांगणारे मराठी मुलांचे प्रमाणक हाताशी नसले तर थेरपिस्ट अंदाजानेच बोलणार. आणि वऱ्हाडातल्या घरी ‘डोळा’ला ‘डोया’च म्हणत असतील, तर तो दोष नव्हे, बोली आहे. हा फरक कुठलेही यंत्र दाखवत नाही. तो भाषेचा अभ्यास केलेल्या माणसालाच दिसतो.

अमेरिकेत हीच विद्या दुसऱ्या दारातून आली. आयोवा विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ कार्ल सीशोर यांच्या पुढाकारातून ली एडवर्ड ट्रॅव्हिस यांनी १९२४ साली डॉक्टरेट मिळवली आणि पुढे तिथले वाचा-चिकित्सालय उभे केले. तिथे अभ्यास सुरू झाला तो तोतरेपणापासून, म्हणजे बोलण्यापासून. श्रवणशास्त्राला बळ आले ते दुसऱ्या महायुद्धात ऐकू येणे गमावून परतलेल्या सैनिकांमुळे. त्यांच्यासाठी काम केलेल्या रेमंड कारहार्ट यांनी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात ते रुजवले. त्याच विद्यापीठात कर्णबधिरांच्या शिक्षणातून आलेले हेल्मर मायकलबस्ट अध्ययन अक्षमतेकडे वळले. सॅम्युअल कर्क यांनी ही संज्ञा पालकांच्या एका सभेत रूढ केली ती १९६३ साली. म्हणजे बोलणे, ऐकणे आणि वाचन-लेखन या तिन्ही वाटा विद्यापीठाच्या आवारातच एकमेकींना मिळाल्या. अर्थात विद्यापीठाचे दार सोवळे नव्हते. आयोवातच १९३९ साली तोतरेपणाचा उगम शोधण्यासाठी अनाथ मुलांवर एक प्रयोग झाला. नीट बोलणाऱ्या मुलांनाही ‘तुम्ही अडखळता’ असे सांगण्यात आले. विद्यापीठाने त्याची माफी मागितली ती २००१ साली. रुग्णालयापेक्षा विद्यापीठ थोर, असे म्हणायचे नाही. ज्या दारातून विद्या येते तिथले प्रश्न ती आधी सोडवते, एवढेच दाखवायचे आहे.

यावर पहिला आक्षेप असा की, म्हैसूरच्या संस्थेचे मूळ नावच ‘लोगोपेडिक्स’ होते, म्हणजे वाचाचिकित्सा. मग कान आधी आला असे कसे म्हणता येईल? नाव हेतू सांगते, साधने हेतूच्या मागून येतात. तरी या आक्षेपात एक मोलाची गोष्ट दडलेली आहे. म्हैसूरला वाचेचा हेतू टिकला, कारण तिथे पदव्युत्तर विद्यार्थ्याला शोधनिबंध लिहावा लागे आणि १९६९ साली म्हैसूर विद्यापीठाच्या मानसगंगोत्री परिसरात भारतीय भाषा संस्थान शेजारी आले. कन्नड उच्चारचाचणी १९७०च्या दशकाच्या आरंभीच तयार झाली. पदव्युत्तर शिक्षणाचे खरे उत्पन्न तेच. नुसते थेरपिस्ट हवे असते तर पदविकेनेही भागले असते. आपल्या भाषेत मोजायची साधने मात्र शोधनिबंधाच्या सक्तीतूनच निघतात.

महाराष्ट्रात उलट चित्र दिसते. मराठीच्या ध्वनींचे शास्त्र इथे उशिरा आले नव्हते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९५०च्या दशकात रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने भाषाशास्त्राची प्रशिक्षण सत्रे भरत होती. अशोक केळकरांनी १९५८ साली कॉर्नेल विद्यापीठात मराठीच्या ध्वनी आणि पदरचनेवर प्रबंध सादर केला होता. वाचाचिकित्सेला लागणारा कच्चा माल तयार होता, पण तो पुण्यातल्या भाषाशास्त्राच्या विभागात होता आणि रुग्ण मुंबईतल्या रुग्णालयात. १९८३ साली वांद्र्यात स्थापन झालेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेच्या नावातही तेव्हा फक्त श्रवणदोष होता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. रुग्णालय नसते तर ही विद्या टिकली असती का? पालक मुलाला घेऊन आधी डॉक्टरकडेच जातात, आणि मोफत ओपीडीने या थेरपिस्टांना जेवढी विविध मुले दाखवली तेवढी कुठल्याही विभागाने दाखवली नसती. हे मान्यच करावे लागते. पण रुग्णालयाने अध्ययन अक्षमतेला कसे सामावून घेतले ते पाहा. महाराष्ट्र शासनाने १९९६ पासून अशा मुलांना परीक्षेत सवलती दिल्या. जादा वेळ, एखादी भाषा सोडण्याची मुभा, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे गणित असे त्यांचे स्वरूप होते. देशाच्या मानाने हे पाऊल पुढचे होते. मात्र सवलतीचा रस्ता महापालिका रुग्णालयांतल्या प्रमाणपत्रातून गेला, आणि पालकांची धडपड मुलाला वाचायला शिकवण्यापेक्षा दाखला मिळवण्याकडे वळणे ओघानेच आले. प्रमाणपत्र देणे रुग्णालयाला जमते. उपचारात्मक अध्यापन शाळेतच करावे लागते.

तिसरा आक्षेप व्यवहारी आहे. पालकांना इंग्रजी हवी असताना मराठी चाचण्यांचा अट्टाहास कशाला? कारण घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला इंग्रजीत तपासले तर अपरिचय आणि अक्षमता वेगळी काढता येत नाही. देवनागरीच्या अडचणीही तिच्या स्वतःच्या आहेत. ‘दिवा’तली वेलांटी आधी लिहायची आणि नंतर उच्चारायची, ‘सर्प’मधला र आधी उच्चारायचा आणि पुढच्या अक्षराच्या डोक्यावर द्यायचा. अडखळणारे मूल इथे कसे चुकते, हे इंग्रजीच्या बी-डीच्या गोंधळावरून कळणार नाही.

म्हणून पदव्युत्तर जागा वाढवणे पुरेसे नाही. महाराष्ट्रातल्या प्रत्येक शोधनिबंधाला भाषाशास्त्राचा एक सहमार्गदर्शक आणि प्रत्यक्ष शाळेतले काही महिने बंधनकारक करावेत. खर्च फारसा नाही, आणि म्हैसूरच्या शेजाराने जे आपोआप साधले ते इथे नियमाने साधता येईल. कानाच्या दारातून आलेल्या विद्येने आपल्याला ऐकणे मोजायला शिकवले. मराठी बोलणे आणि वाचणे मोजण्याचे काम मात्र परक्या यंत्रावर सोपवता येणार नाही.