जिंजीच्या वाटेचा आराखडा

सरकारी नोकरीत नव्या अधिकाऱ्याच्या वाट्याला येणाऱ्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे वरिष्ठांच्या दौऱ्याचा कार्यक्रम आखणे. काय दाखवायचे, कोणत्या क्रमाने दाखवायचे, कोठे किती वेळ द्यायचा, हे तो कागदावर मांडतो. दोन-चार दौरे पार पडले की त्याच्या ध्यानात येते की, वरिष्ठांना तालुका जसा आहे तसा दिसत नाही. कार्यक्रमपत्रिकेत जसा मांडला असेल तसा दिसतो. जे गाव पत्रिकेत नाही ते पुढे अहवालातही नसते. ही जुनी शिकवण मला पुन्हा आठवली, ती चेन्नईत, मैलापुरातील घरी बसून एका किल्ल्याच्या सहलीचा आराखडा करताना.

निमित्त असे घडले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आहेत. बारावा, जिंजी, तामिळनाडूच्या विळुप्पुरम जिल्ह्यात, चेन्नईपासून सुमारे १६० किलोमीटरवर आहे. नोकरीनिमित्त या शहरात राहणाऱ्या आम्हा काही मराठी कुटुंबांनी ठरविले की, थंडीच्या दिवसांत मुलाबाळांसह तेथे जायचे आणि माहिती सांगत, पायी, किल्ला पाहायचा. आराखडा करण्याचे काम सवयीचा माणूस म्हणून माझ्याकडे आले.

मैलापूर हे अशा कामाला अनुकूल ठिकाण आहे. कपालीश्वराचे देऊळ आणि त्याचे तळे यांभोवतीच्या माड वीध्यांत आजही तंजावरी मराठी बोलणारी घरे सापडतात. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाणपद भूषविलेले सर टी. माधवराव मूळचे कुंभकोणमचे; त्यांचे निधन १८९१ मध्ये याच मैलापुरात झाले. तेव्हा 'दक्षिणेतील मराठी माणूस' ही येथे नवलाची गोष्ट नाही. आम्हीच काय ते नवे.

माझा पहिला आराखडा एका संध्याकाळी तयार झाला. पहाटे निघायचे, थेट राजगिरी चढायचा, शिखरावर शिवछत्रपती आणि राजाराम महाराज यांच्याविषयी बोलायचे, जयघोष करून उतरायचे, जेवण, परत. १६७७, १६८९ आणि १६९८ एवढी तीन वर्षे त्यात होती. मला तो अगदी नीटनेटका वाटला.

त्यावर दोन हरकती आल्या. पहिली आमच्यातील एका कुटुंबाच्या दहा वर्षांच्या मुलीची. ती चेन्नईतच जन्मलेली. तिने कागद पाहून विचारले, "काका, यात देसिंगु राजा कुठे आहे? तो किल्ला त्याचाच ना?" दुसरी हरकत आमच्या शेजारच्या आजींची. त्यांचे घराणे तंजावरचे, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे. त्यांनाही यायचे होते. पण त्यांच्या गुडघ्यांना राजगिरीची चढण झेपणारी नव्हती. त्यांनी सौम्यपणे एवढेच विचारले की, सगळा किल्ला वरच आहे काय? आम्ही वर असू तेव्हा आपण गाडीत बसून राहायचे काय?

दोन्ही प्रश्नांना माझ्यापाशी उत्तर नव्हते. मग मी आराखडा बाजूस ठेवला आणि चि. सु. श्रीनिवासाचारी यांचा १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेला जिंजीचा इतिहास पुन्हा काढला.

आधी भूगोल पाहू. जिंजी हा एक डोंगर नव्हे. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायणदुर्ग अशा तीन टेकड्या तटबंदीने एकमेकींस जोडून हा प्रचंड त्रिकोण साधला आहे; तटाची एकूण लांबी तेरा किलोमीटरच्या घरात जाते. तिंडिवनमहून तिरुवण्णामलैला जाणारा रस्ता या त्रिकोणातूनच जातो. राजगिरी सुमारे २४० मीटर उंच आहे, आणि शिखराजवळ एक खोल घळ ओलांडून जावे लागते. तेथला पूल काढून घेतला की माथा तुटलाच. मात्र राजगिरीच्या पायथ्याला, जेथे आजी सहज हिंडू शकतील अशा सपाटीवर, कल्याणमहाल आहे, जाड भिंतींचे धान्यकोठार आहे, तबेले आहेत, तळी आहेत, वेंकटरमणाचे देऊळ आहे, सादतुल्लाखानाची मशीद आहे. म्हणजे माणसे जेथे राहिली, जेवली, कारभार करीत राहिली, तो किल्ला पायथ्याशीच आहे. माथा हा अखेरचा आसरा. मी माथ्यालाच किल्ला समजलो होतो.

आता इतिहास. विजयनगरच्या छत्राखाली वाढलेल्या नायकांनी हे स्थळ नावारूपाला आणले. १६४९ मध्ये ते विजापूरकरांनी घेतले. १६७७ मध्ये शिवाजी महाराजांनी दक्षिण दिग्विजयात ते मिळविले, आणि मिळवून थांबले नाहीत. मदुरा मिशनमधील एका जेझुइट पाद्र्याच्या १६७८ च्या पत्रात, महाराजांनी येथे नव्याने तट आणि खंदक कसे उभारले, याचे वर्णन आहे. रायगडापासून इतक्या दूर एवढा खर्च कशासाठी, असे तेव्हा कोणास वाटले असेल. उत्तर बारा वर्षांनी मिळाले. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला, आणि वेषांतर करून निसटलेले राजाराम महाराज वर्षअखेरीस जिंजीला पोहोचले. पुढील आठ वर्षे मराठी राज्याची राजधानी तमिळ मुलखात होती, आणि त्यांपैकी सात वर्षांहून अधिक काळ झुल्फिकारखानाचा वेढा बाहेर होता.

प्रशासनात आयुष्य घालविलेल्या माणसाला या आठ वर्षांतील लढायांहून कारभार अधिक विचार करायला लावतो. राजा जिंजीत आणि मुलूख सह्याद्रीत, अशी स्थिती होती. प्रत्येक हुकूम विचारून काढायचा म्हटले तर राज्य महिनाभरात बुडाले असते. म्हणून रामचंद्रपंत अमात्यांना 'हुकुमतपनाह' हा किताब आणि महाराष्ट्रातील सर्वाधिकार दिले गेले. जिंजीत प्रल्हाद निराजींसाठी 'प्रतिनिधी' हे नवे पद निर्माण झाले. अधिकाराचे विकेंद्रीकरण या विषयावर आपण पुष्कळ परिपत्रके काढतो. येथे ते वेढ्यात सापडल्यामुळे झाले, आणि टिकले.

खजिना रिकामा होता. १६९० मध्ये जिंजीच्या दरबाराने कडलूरजवळचा तेगनापट्टणचा किल्ला इंग्रजांना विकला. मद्रासचा गव्हर्नर तेव्हा एलिहू येल होता. करार असा की, किल्ल्यावरून डागलेला तोफेचा गोळा जेथवर पोहोचेल तेथवरचा मुलूख इंग्रजांचा. त्या गोळ्यांच्या टप्प्यातील गावांना पुढे 'गुंडु ग्रामम्', म्हणजे गोळ्याची गावे, असे नाव पडले. हाच तो फोर्ट सेंट डेव्हिड. आजचा पगार भागविण्यासाठी उद्याच्या शत्रूला जमीन विकावी लागली, हे सांगताना आपल्याला अवघड वाटते; पण सांगितलेच पाहिजे.

तीच गोष्ट वतनांची. शिवाजी महाराजांचा कल रोख वेतनाकडे होता. औरंगजेब मात्र सरदारांपुढे जहागिरींचे आमिष टाकीत होता, आणि जिंजीच्या दरबारापाशी द्यायला रोकड नव्हती. होती ती फक्त आश्वासने. १६९१ च्या एका सनदेत हणमंतराव घोरपडे यांना रायगड, विजापूर, भागानगर, औरंगाबाद आणि शेवटी दिल्ली जिंकल्यावर कोणकोणते हप्ते मिळतील, हे लिहून दिले आहे. तटाबाहेर मोगलांच्या तोफा, आणि आत दिल्लीचा हिशेब! या धैर्यापुढे मान लवते. त्याच वेळी, ज्या सरंजामदारीने पुढे मराठी सत्ता वाढविली आणि शेवटी पोखरली, तिला येथेच जोर चढला, हेही नजरेआड करता येत नाही.

आणखी एक काम या किल्ल्यात झाले. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून शिवचरित्राची बखर लिहिली, ती १६९७ च्या सुमारास, येथेच. थोरल्या महाराजांचे पहिले मराठी गद्यचरित्र सह्याद्रीत लिहिले गेले नाही. ते तमिळ देशात, वेढ्याच्या अखेरच्या दिवसांत लिहिले गेले. घरापासून दूर राहणाऱ्या आम्हा मंडळींना ही एक गोष्ट शंभर जयघोषांहून मोलाची वाटावी. १६९७ च्या अखेरीस राजाराम महाराज निसटले, १६९८ च्या आरंभी किल्ला पडला आणि औरंगजेबाने त्याला नुस्रतगड हे नाव दिले.

आणि देसिंगु राजा? तो मोगलांच्या बाजूने किल्लेदार झालेल्या स्वरूपसिंग बुंदेल्याचा मुलगा तेजसिंग. अर्काटच्या नवाबाशी लढताना १७१४ मध्ये हा तरुण पडला. त्याच्याबरोबर त्याचा मुसलमान मित्र महाबतखानही पडला, असे लोककथा सांगते. त्याचा अंमल काही महिन्यांचा. तरीही तमिळ लोकगीतांनी त्याला असे उचलले की, साध्या तमिळ माणसाला जिंजी म्हटले की देसिंगुच आठवतो. १९६० मध्ये त्याच्यावर एम. जी. रामचंद्रन यांचा चित्रपटही आला. उत्तरेकडचा बुंदेला तमिळांनी आपला मानला. तसा आपला मान आम्ही येथे मागत असू, तर त्याचे नाव कागदावरून गाळणे शोभत नाही.

त्यानंतर १७५० मध्ये फ्रेंच आले आणि १७६१ मध्ये इंग्रज. जिंजीहून नेलेले दगडी खांब पुदुच्चेरीच्या समुद्रकिनाऱ्यावर गांधीजींच्या पुतळ्याभोवती आजही उभे आहेत.

किल्ला दाखवावा कसा, याचा विचार जपानमध्ये बारकाईने झालेला दिसतो. १९९३ पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या हिमेजी किल्ल्यात दरवाजापासून मुख्य वास्तूपर्यंतची वाट शत्रूला चकविण्यासाठी मुद्दाम वळणावळणांची केलेली आहे. आजचा पाहुणा त्याच वाटेने जातो, आणि संरक्षणाची कल्पना त्याच्या पायांनाच कळते. कुमामोतोचा किल्ला २०१६ च्या भूकंपात ढासळला. दुरुस्ती लांबणार हे दिसताच त्यांनी उंचावरून जाणारी एक पायवाट बांधली आणि २०२० पासून ढासळलेले तटही लोकांना दाखविले. पडझड झाकली नाही. माझ्या दुसऱ्या आराखड्याला या दोन्ही गोष्टींचा आधार झाला.

तो आराखडा असा :

१. मैलापुरातून पहाटे पाचला निघणे. माणशी दोन लिटर पाणी, टोपी, पायांत घट्ट बूट. खाण्याच्या पिशव्या बसमध्येच. माकडे धीट आहेत.

२. प्रथम सर्वांनी मिळून पायथ्याचा किल्ला, सुमारे दीड तास. क्रम : तळे, धान्यकोठार, कल्याणमहाल. वेढा सात वर्षे टिकला तो पाण्यावर आणि धान्यावर. म्हणून बोलण्यास आरंभ तेथूनच. कल्याणमहालात मातीच्या नळांनी पाणी कसे खेळविले होते, तेही पाहावे.

३. कोठाराच्या सावलीत कारभाराचा भाग : हुकुमतपनाह, तेगनापट्टणची विक्री, घोरपड्यांची सनद, सभासद.

४. नंतर दोन गट. चढू शकणारे राजगिरीवर, ऊन चढण्यापूर्वी. वर जाण्यास दुपारनंतर मनाई असते, म्हणून वेळ आदल्या दिवशी विचारून घ्यावी. दुसरा गट वेंकटरमणाचे देऊळ आणि मशीद पाहील. या गटाच्या प्रमुख आजी.

५. माथ्यावर भाषण नाही. दहा मिनिटे शांत बसून तीनही टेकड्या आणि तटाची रेषा पाहणे.

६. खाली दोन्ही गट एकत्र आल्यावर देसिंगु राजाची कथा. सांगणार ती दहा वर्षांची मुलगी. आधी तमिळमध्ये, मग मराठीत.

७. वाटाड्या स्थानिक घ्यावा, त्याचे मानधन आधी ठरवावे, आणि तो बोलत असताना आपण मध्ये बोलू नये.

दुसरा आराखडा पहिल्याइतका नीटनेटका नाही. त्यात पाच सत्ता आहेत, एक विक्रीखत आहे आणि एक पराभव आहे. पण त्यात आजींना जागा आहे.

परगावी राहणाऱ्या वाचकांस एक विनंती. तुमच्या शहराजवळही तंजावर, झाशी, इंदूर, बडोदे असे एखादे मराठी नाव जोडलेले स्थळ असेल. मुलांना अवश्य न्या. मात्र जाण्यापूर्वी तेथल्या शेजाऱ्याला विचारा की, हे स्थळ तुमच्या आठवणीत कोणाचे आहे. त्याचे उत्तर कार्यक्रमपत्रिकेत लिहा आणि मगच ती अंतिम करा.

आमची पत्रिका मी आजींना दाखविली. त्यांनी चष्मा लावून ती सावकाश वाचली, चौथ्या कलमावर बोट ठेवले आणि विचारले की, देवळापाशी सावलीत बसायला चटई आपण न्यायची की मी आणायची? चटई आजी आणणार आहेत.